जाळी कोणासाठी?

चाणक्यपुरीतील अमेरिकी दूतावासाचा आराखडा वास्तुरचनाकार एडवर्ड ड्यूरेल स्टोन यांनी १९५४ साली केला आणि १९५९ मध्ये इमारतीचे उद्घाटन झाले. सोनेरी बारीक खांब, मधोमध पाण्याचा चौक आणि काचेच्या भिंतींबाहेर चहूबाजूंनी नक्षीदार जाळी. ही जाळी नुसती शोभेची नाही. दिल्लीच्या मे महिन्यातले ऊन काचेवर थेट पडू द्यायचे नाही, हे तिचे पहिले काम. उन्हाशी कसे वागावे, हे इथल्या कारागिरांनी कैक पिढ्या दगड कोरून दाखवले होते. स्टोन यांनी दगडाऐवजी साच्यात ओतलेले ठोकळे वापरले, तरी धडा त्यांचाच गिरवला. परक्या देशात घर बांधताना यजमानाकडून काही शिकणे, एवढीच सजावटीतली मुत्सद्देगिरी मला खरी वाटते. बाकी सगळा दिमाख.

यावर रोखठोक आक्षेप असा की त्याच १९५४ साली अमेरिकेने पाकिस्तानशी लष्करी मदतीचा करार केला आणि १९७१ मध्ये सातव्या आरमाराची तुकडी बंगालच्या उपसागराकडे धाडली. मग जाळीने काय साधले? धोरण बदलले नाही, हे कबूल करावेच लागेल. पण म्हणून इमारतीचे बोलणे निरर्थक ठरत नाही. १९८३ मध्ये बैरूतच्या दूतावासावर बॉम्बहल्ला झाल्यानंतर अमेरिकेने रस्त्यापासून लांब, भक्कम भिंतींआडचे दूतावास बांधायला घेतले. कारण रास्त होते, तरीही येणाऱ्याजाणाऱ्याला त्यातून भीतीच वाचता आली.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो: पाहुण्याने यजमानाचा अंगरखा चढवला, की त्याचे सोंग होते. स्टोन यांच्या सोनेरी खांबांत थोडे सोंग आहेच. त्यावरची तोड दिल्लीतच, कस्तुरबा गांधी मार्गावर सापडते. ब्रिटिश कौन्सिलने आपली १९९२ची इमारत मुंबईच्या चार्ल्स कोरियांकडे सोपवली आणि दर्शनी भिंतीवरचे चित्र आपल्या हॉवर्ड हॉजकिन यांच्याकडून करून घेतले. पांढऱ्या संगमरवरावर काळ्या दगडात पसरलेली वडाची सावली आहे ती. घर यजमानाने आखले, चित्र पाहुण्याने काढले. कोणी कोणाचा वेश घेतला नाही. शिवाय चाणक्यपुरीतली जाळी जवळून पाहायची तर आधी पहाऱ्यापाशी अडावे लागते. वडाची सावली बसमधूनही दिसते.