‘कालियामर्दन’ची कीर्ती

भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरी हे गाव दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे. एक, टेकडीवरील देवीचे मंदिर. १७३९ मध्ये वसईचा किल्ला जिंकल्यानंतर चिमाजी अप्पांच्या नवसाप्रमाणे ते बांधण्यात आले. दुसरी, तानसा नदीच्या परिसरातील ऊन पाण्याची कुंडे. कुंडांच्या कीर्तीची परीक्षा फार सोपी आहे. पाण्यात हात बुडवावा, की झाले! चित्रपटाची परीक्षा मात्र इतकी सोपी नसते. त्यातून चित्रपट शंभर वर्षांपूर्वीचा असला, तर तो पाहण्याआधीच त्याची स्तुती कानांवर पडलेली असते आणि न पाहताच मान डोलावण्याचा मोह होतो.

दादासाहेब फाळके यांचा ‘कालियामर्दन’ हा असाच एक मूकपट. तो १९१९ साली निघाला. बाळकृष्णाच्या खोड्या आणि कालिया नागाशी त्याने दिलेली झुंज, एवढेच त्याचे कथानक. घरातील लहानथोरांनी एकत्र बसून पाहावे असे हे साहस आहे. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या १९१३ च्या चित्रपटाचा काही भागच आज उपलब्ध आहे. ‘कालियामर्दन’ मात्र पुष्कळसा टिकून राहिला आहे. म्हणून त्याची परीक्षा आजही डोळ्यांनी करता येते.

प्रथम उणिवा सांगितलेल्या बऱ्या. यातील नाग कृत्रिम आहे, हे चटकन ध्यानात येते. मोठ्या नटांचे हातवारे अतिशयोक्त वाटतात. शब्द नाहीत, रंग नाहीत. मजकुराच्या पाट्या वाचत कथा समजून घ्यावी लागते. काही प्रसंग इतके रेंगाळतात, की आजचा मुलगा चुळबुळ करू लागेल. त्याला नागाचे हसू आले, तरी त्याने ते दाबून धरण्याचे कारण नाही. चित्रपट जुना आहे म्हणून तो चांगला, असे म्हणणे म्हणजे आजोबांचे वय मोजून त्यांच्या गोष्टीला गुण देण्यासारखे आहे.

मग ही कीर्ती पोकळ आहे काय? मुळीच नाही, परंतु तिचे खरे कारण नाग नव्हे, एक मुलगी आहे. कृष्णाची भूमिका फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिने केली. त्या वेळी ती सुमारे सात वर्षांची होती. अवघ्या सहा वर्षांपूर्वी ‘राजा हरिश्चंद्र’साठी स्त्री नट मिळेना, तेव्हा तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुषाला करावे लागले होते. त्याच फाळक्यांच्या चित्रपटात आता एका मुलीने सारा भार लीलया पेलला. आरंभी तिचा नुसता चेहरा पडद्यावर येतो. क्षणात हसरा, क्षणात रागीट, असे निरनिराळे भाव ती दाखविते. मग ती प्रतिमा हळूहळू विरते आणि तिच्या जागी मोरमुकुट घातलेला कृष्ण उमटतो. ‘हा देव नव्हे, ही माझी लहान लेक आहे,’ असे जणू फाळके आधीच सांगून टाकतात, आणि तरीही पुढे तिला कृष्ण मानल्यावाचून प्रेक्षकाला राहवत नाही. या धिटाईचे कौतुक करावे तेवढे थोडे!

झुंजीच्या प्रसंगात फाळक्यांचे कसब दिसते. कृष्ण पाण्यात नागाशी झगडत आहे. इकडे काठावर गोकुळातील माणसे व्याकूळ होऊन उभी आहेत. फाळके एकदा पाण्याखालचे दृश्य दाखवितात, एकदा काठावरचे. पुन्हा पाणी, पुन्हा काठ. पाण्याखाली काय चालले आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. काठावरच्या माणसांना ते ठाऊक नसते. त्यामुळे ती माणसे जितकी घाबरतात, तितका प्रेक्षकाचा जीव त्यांच्यासाठी कासावीस होतो. नाग कृत्रिम आहे, ही गोष्ट तेवढ्यापुरती मनातून निघून जाते. आज संगणकाच्या साहाय्याने अवाढव्य प्राणी हुबेहूब निर्माण करता येतात; पण काठावर कोणी वाट पाहत नसेल, तर तो प्राणी कितीही भयंकर असला तरी त्याची भीती वाटत नाही.

अखेर पाणी दुभंगते. नागाच्या फणीवर ती सात वर्षांची मुलगी उभी असते, आणि काठावरची माणसे हर्षभराने हात उंचावतात.