डोळा चांगला, पण नजर नाही



गव्हाचे एक पाणी मुकुटमुळे फुटताना, म्हणजे पेरणीपासून साधारण २१ व्या दिवशी, चुकवू नका हे मी तुम्हाला दर रब्बीत सांगतो. ते हुकले की फुटवे कमी येतात आणि मागाहून कितीही पाणी पाजले तरी तूट पुरती भरून निघत नाही. असाच नाजूक काळ लहान मुलाच्या नजरेलाही असतो. तो ज्यांनी दाखवून दिला त्या दोघा शास्त्रज्ञांची हकिगत आज सांगतो. शेतीच्या सदरात मांजरांची गोष्ट कशाला, असे कुणी म्हणेल. पण घरात तान्हे मूल असेल तर वाचाच.

डेव्हिड ह्यूबेल कॅनडात वाढलेले, टॉर्स्टन वीझेल स्वीडनचे. दोघेही डॉक्टरी शिकलेले. १९५८ साली अमेरिकेत बाल्टिमोरला स्टीफन कफलर यांच्या प्रयोगशाळेत दोघांची जोडी जमली आणि पुढच्याच वर्षी सगळे हार्वर्ड विद्यापीठात गेले.

आपण म्हणतो डोळ्याने दिसते. खरे तर डोळा फक्त उजेड टिपतो. त्याचे संदेश डोक्याच्या मागच्या बाजूला मेंदूत पोहोचतात आणि दिसते ते तिथे. या दोघांनी गुंगी दिलेल्या मांजराच्या मेंदूत केसाहून बारीक तार घातली. पेशी जागी झाली की भोंग्यातून कटकट आवाज येई. मांजरापुढे काळा ठिपका असलेली काचपट्टी धरली, पण पेशी गप्पच. मग एकदा पट्टी सरकवताना फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज सुरू झाला! ठिपक्याचा त्यात काही संबंध नव्हता. काचेच्या कडेची पुसटशी सावली पडद्यावरून सरकली होती आणि त्या पेशीला हवी होती ती नेमक्या त्या कोनातली कड. उभ्या रेषेला जागणारी पेशी वेगळी, आडवीला जागणारी वेगळी. असा एकेक धागा जुळवून मेंदू चित्र विणू लागतो.

आता आपल्या कामाचा भाग. त्यांनी मांजराच्या पिलाची एक पापणी जन्मानंतर लवकरच शिवून बंद केली आणि दोन-तीन महिन्यांनी उघडली. मुक्या जीवाचे हे लिहिताना मलाही बरे वाटत नाही. पण आढळले ते असे, की डोळा धडधाकट, बाहुली उजेडाला आकसते, तरी पिलाला त्या डोळ्याने दिसत नाही. मेंदूतल्या त्याच्या वाट्याच्या पेशी उघड्या डोळ्याने बळकावल्या होत्या; बांधाला जागा सोडली की शेजारी सरकतो तसे. मोठ्या मांजराचा डोळा त्याहून अधिक काळ बंद ठेवला तरी काही बिघडले नाही. हे १९६३ साली प्रसिद्ध झाले. पुढे त्यांनी पिलांमध्ये तिरळेपणा आणून पाहिला, तेव्हा दोन्ही डोळ्यांना मिळून जागणाऱ्या पेशी फारच थोड्या उरल्या. १९८१ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यात रॉजर स्पेरी हेही वाटेकरी होते. ह्यूबेल २०१३ मध्ये वारले. वीझेल यांनी २०२४ मध्ये वयाची शंभरी गाठली.

पूर्वी जन्मजात मोतीबिंदू असला तर मूल जरा मोठे होऊ द्या, मग शस्त्रक्रिया करू, असे डॉक्टरही म्हणत. या संशोधनाने ते बदलले. दाट मोतीबिंदू असेल तर आता शक्यतो पहिल्या दोन महिन्यांतच काढतात. म्हणून बाळाची बाहुली पांढरट दिसली तर एक दिवसही थांबू नका. तीन-चार महिन्यांपर्यंत बाळाचे डोळे अधूनमधून इकडेतिकडे फिरतात, त्याने घाबरू नये. त्यानंतरही डोळा तिरळा राहिला, किंवा बाळ आईच्या तोंडाकडे नजर लावत नसेल, तर दाखवायला हवे. तिरळा डोळा भाग्याचा असतो, मोठेपणी सुटेल, असे घरोघर ऐकू येते. त्या भाग्यापायी पोराचा एक डोळा कायमचा आळशी होऊन बसतो.

उशीर झाला असला तरी मुलाला घरी बसवू नका. दिल्लीच्या आयआयटीत शिकलेले आणि अमेरिकेत एमआयटीत संशोधन करणारे पवन सिन्हा यांनी ‘प्रकाश’ नावाच्या प्रकल्पात, जन्मापासून मोतीबिंदू असलेली आपल्याकडची मोठी मुले तपासली. शस्त्रक्रियेनंतर नजर पूर्ण सुधारली नाही, पण पुष्कळ मुले वस्तू ओळखू लागली.

अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते, त्या दिवशी मुलाला रानात नेऊ नका. पथक येण्याची वाट पाहायचीही गरज नाही. आशाताईला किंवा ग्रामीण रुग्णालयात विचारले तर नेत्रतज्ज्ञ कुठे भेटतील ते कळते.

आळशी डोळ्याला चष्मा देतात आणि बहुधा चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधायला सांगतात. हा उपाय सात वर्षांच्या आत अधिक लागू पडतो. पोर पट्टी ओढून काढील आणि आजीही रागावेल, की चांगला डोळा कशाला झाकता? तिला समजावून सांगा, की चांगला डोळा झाकल्याशिवाय दुसरा कामाला लागत नाही. पट्टी रोज किती तास ठेवायची ते मात्र डॉक्टरांनाच विचारा, आपल्या मनाने वाढवू नका.