कर्जतच्या नदीतला ‘अहिर’ अंडी घालायला खोल समुद्रात का जातो?

पहिला मोठा पाऊस झाला की कर्जत-खालापूरकडे चढणीचे मासे पकडायला ओढ्यांवर झुंबड उडते. हे मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर येतात. पश्चिम घाटातून अरबी समुद्राकडे वाहणाऱ्या नद्यांमधला एक मासा मात्र नेमकं उलटं करतो. नदीत वाढतो आणि अंडी घालायला समुद्र गाठतो. हा अहिर, म्हणजे अँग्विला बेंगालेन्सिस. बरेच जण त्याला वाम म्हणतात, पण त्याच नावाने विकला जाणारा पाठीवर काटे असलेला मासा वेगळा. तो खरा ईल नाही.

नदीतल्या माशाचा खोल समुद्राशी काय संबंध?

2010 मध्ये जपानी संशोधकांनी ईलच्या 56 प्रजातींचा डीएनए तपासला. गोड्या पाण्यातल्या ईलचे जवळचे नातेवाईक किनाऱ्यावर सापडले नाहीत, ते निघाले खोल समुद्रात. त्यातला गल्पर ईल म्हणजे जवळजवळ नुसता जबडाच, शेपटीच्या टोकाला चमकणारा दिवा. दुसरा स्नाइप ईल. दोऱ्यासारखं अंग, पाठीच्या कण्यात 700 हून जास्त मणके आणि चोचीसारखा जबडा, जो पूर्ण मिटतच नाही!

अहिराच्या कुळातले मासे परत निघताना त्यांचं शरीरही समुद्रासाठी बदलतं. डोळे मोठे होतात, अंग चंदेरी होतं, आतडी आक्रसतात. खाणं बंद. साठवलेल्या चरबीवर अख्खा प्रवास, एकदाच अंडी आणि मग मृत्यू. पिल्लं पानासारखी चपटी, पारदर्शक असतात. प्रवाहाबरोबर किनाऱ्याला लागून ती नदीत शिरतात. युरोपीय ईल सारगॅसो समुद्रात जातो, असं योहानेस श्मिट यांनी 1922 मध्ये मांडलं. पण प्रौढ ईल तिथे पोहोचल्याचा थेट पुरावा मिळायला 2022 उजाडलं. अहिराला हिंदी महासागरात अंडी घालताना तर अजून कुणी पाहिलेलं नाही.

मग अडतंय कुठे?

राजमाचीच्या डोंगरातून निघणारी उल्हास कर्जत, नेरळ, बदलापूर करत वसईच्या खाडीला मिळते. खोपोलीकडून येणारी पाताळगंगा खालापूर, रसायनी ओलांडून धरमतरच्या खाडीत जाते. दोन्ही वाटांवर बंधारे आहेत, कारखाने आहेत, शहरांचं सांडपाणी आहे. उल्हासच्या प्रदूषणाचा वाद ‘वनशक्ती’ संस्थेने राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेला होता. चर्चा मुख्यतः पिण्याच्या पाण्याची झाली, ते साहजिकच. पण ज्या माशाला आयुष्यात दोनदा खाडी ओलांडावी लागते, त्याच्यासाठी नदीचा शेवटचा टप्पा मेला की वरची स्वच्छ नदीही निरुपयोगी ठरते.

छोटे ईल ओल्या दगडांवरून, बंधाऱ्याच्या भिजलेल्या भिंतीवरून सरपटत चढू शकतात. कोरड्या, गुळगुळीत काँक्रीटवरून नाही. युरोपात म्हणून बंधाऱ्यांना ब्रशसारखे दाते असलेले उतार लावतात. तिथल्या 2007 च्या नियमानुसार, माणसाचा अडथळा नसता तर जितके प्रौढ ईल समुद्राकडे गेले असते, त्यातले किमान 40 टक्के तरी पोहोचले पाहिजेत.

2025 च्या नोव्हेंबरमध्ये समरकंदला झालेल्या साइट्स परिषदेत अँग्विला कुळातल्या सगळ्या प्रजातींच्या व्यापारावर नियंत्रण आणण्याचा युरोपीय संघाचा प्रस्ताव फेटाळला गेला. जपानने जोरदार विरोध केला होता. तो मंजूर झाला असता तरी बदलापूरच्या बंधाऱ्यावर फरक पडला नसता. तिथे व्यापार नाही, वाटच अडवलेली आहे, आणि ती मोकळी करायला समरकंदच्या परवानगीची गरज नाही.