मांजराचे ओरडणे अपशकुन नव्हे, लक्षण

मावळात पावसाची झड लागली की बाहेर हिंडणारी मांजरे घरात अडकतात आणि त्यांचे ओरडणे कानावर येऊ लागते. लोणावळ्याचा बंगला असो वा वाडीतले कौलारू घर, रात्री मांजर रडले की कोणी अपशकुन मानतो, कोणी चप्पल भिरकावतो. दोन्ही चूकच. मोठी मांजरे आपसात फारसे ‘म्यांव’ करत नाहीत. ते बहुधा माणसासाठीच असते.

भूक, कंटाळा आणि माज ही नेहमीची कारणे. माजाचे ओरडणे नसबंदीने थांबते. म्हातारे मांजर मात्र अचानक रात्रभर ओरडू लागले, तर थायरॉइड, मूत्रपिंड किंवा रक्तदाबाचा विकार असू शकतो. बोका कुंथतो पण लघवी होत नाही, तर तातडीने पशुवैद्यकाकडे न्यावे. लघवी तुंबून एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नये. मांजराला ती विषासमान.

दुखण्याने चिडलेले मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले, तर हळद-चुना न लावता जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठून रेबीजच्या लशीबद्दल डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.