गाळ किती बसला?

आमच्या सोसायटीत फ्लशचं पाणी कधी पिवळट येतं, कधी काळपट. मे महिन्यात तर त्याला असा वास मारतो की पाहुण्यांना बाथरूम दाखवण्याआधी दिलगिरी व्यक्त करावी लागते. हे पाणी आमचंच. सहा इमारतींचं सांडपाणी तळघरातल्या शुद्धीकरण केंद्रात, म्हणजे एसटीपीत, जातं आणि वेगळ्या पाइपातून पुन्हा वर फ्लशच्या टाक्यांत येतं. मागच्या सर्वसाधारण सभेत यावरून दीड तास जुंपली. शेवटी निघालं ते असं, की रात्री अकरानंतर टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद ठेवतात. तळमजल्यावरच्यांची झोपमोड होते आणि विजेचं बिलही वाचतं. म्हणजे टाकीतल्या ज्या जिवाणूंनी मैला खायचा, त्यांचा श्वास आम्ही रोज सहा-सात तास कोंडत होतो आणि सकाळी फ्लश ओढून नाकं मुरडत होतो.

त्या गोंधळात मी बोलून गेलो, की कॅलिफोर्नियात सांडपाणी शुद्ध करून लोक चक्क पितात. ब विंगमधल्या काकू ताडकन म्हणाल्या, "तुम्ही प्या आधी. मग आम्ही बघू." सभा हसली आणि पुढचा विषय पार्किंगचा निघाला.

काकूंचं म्हणणं माझ्या डोक्यातून जाईना. कारण मी ज्या ठिकाणाचा दाखला दिला होता, तिथेही लोकांनी हेच म्हटलं असतं. तरी ते पितात. का पितात, हे पाहण्यासारखं आहे.

लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला ऑरेंज काउंटी आहे. पाऊस बेताचा, वस्ती दाट, भिस्त जमिनीखालच्या पाण्यावर. उपसा इतका वाढला की पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या खाली गेली आणि खारं पाणी आत सरकू लागलं. ते अडवायला किनाऱ्यालगत विहिरींची रांग खोदून त्यांत गोडं पाणी दाबायचं ठरलं. आता त्यासाठी गोडं पाणी आणायचं कुठून? म्हणून 1970 च्या दशकात तिथल्या पाणी खात्यानं सांडपाणी शुद्ध करणारा एक कारखाना उभा केला. त्याचं नाव 'वॉटर फॅक्टरी 21'. त्याचाच वारस असलेला आजचा प्रकल्प फाउंटन व्हॅलीत जानेवारी 2008 पासून चालू आहे. सुरुवातीला दिवसाला 7 कोटी गॅलन, 2015 मध्ये 10 कोटी, 2023 पासून 13 कोटी गॅलन. आपल्या मापात सुमारे 49 कोटी लिटर. पैशाचं गणितही सरळ होतं. तिथल्या मलनिस्सारण खात्याला सांडपाणी समुद्रात सोडायला दुसरी मोठी वाहिनी टाकावी लागणार होती. त्याऐवजी त्यांनी पाणी खात्याशी भागीदारी केली. आपल्याकडे महापालिकेची ही दोन खाती एकाच मजल्यावर बसूनही एकमेकांना पत्रं पाठवतात, ते सोडा.

प्रकल्पात पाणी येतं तेव्हा त्यावर नेहमीची प्रक्रिया झालेली असते. गाळ बसवलेला, मैला जिवाणूंनी खाल्लेला. आपल्या चांगल्या एसटीपीतून बाहेर पडतं तसंच. तिथून पुढची खरी कहाणी. पहिल्यांदा ते पोकळ धाग्यांच्या जुडग्यांतून ओढलं जातं. या धाग्यांच्या अंगावरची छिद्रं 0.2 मायक्रॉनची, केसाच्या जाडीच्या तीनशेव्या भागाएवढी. जिवाणू आणि गढूळपणा इथेच अडतो. मग आरओ. म्हणजे आपल्या ओट्यावर टांगलेलं असतं तेच, फक्त हजारोंच्या संख्येनं. आरओचा पडदा 1960 च्या आसपास लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन या दोघांनी व्यवहारात चालेल असा करून दाखवला. त्यातला दुसरा आपल्याकडचा. घरचा आरओ एक तांब्या पाणी देताना दोन-तीन तांबे मोरीत सोडतो, तिथला मात्र शंभरातलं पंच्याऐंशी लिटर पाणी हाती देतो. शेवटी पाण्यात थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घालून त्यावर अतिनील किरणांचा झोत टाकतात. त्यातून जे जहाल कण तयार होतात ते उरलीसुरली रसायनं फोडून काढतात.

एवढं सोसून बाहेर आलेलं पाणी पिण्याजोगं असतं, पण वाहून नेण्याजोगं नसतं. त्यात क्षार जवळपास नसतातच, त्यामुळे ते भुकेलं असतं. सिमेंटच्या पाइपांचं अस्तर खातं. जमिनीत मुरलं की खडकाला धरून बसलेलं आर्सेनिक सोडवू शकतं. म्हणून त्यात चुना कालवावा लागतो. पाणी इतकं स्वच्छ करायचं की त्याला पुन्हा थोडं माणसात आणावं लागावं, ही मला या सगळ्यातली सर्वात गमतीची गोष्ट वाटते.

पण काकूंना मी हे सांगितलं असतं तर त्यांनी एकच विचारलं असतं, मशीन बिघडलं तर? प्रश्न बिनतोड आहे आणि ऑरेंज काउंटीचं खरं उत्तर मशीनमध्ये नाही. 2000 च्या सुमारास त्यांना आढळलं, की जुन्या कारखान्याचं पाणी जिथे जमिनीत सोडलं जात होतं तिथल्या विहिरींत एनडीएमए नावाचं कर्करोगकारक रसायन उतरलं आहे. त्याचा रेणू इतका लहान, की आरओच्या पडद्यातूनही काही अंशी पार होतो. त्यांनी ते दडवलं नाही. विहिरी बंद केल्या, रसायन कुठून येतं ते शोधलं आणि नव्या प्रकल्पात किरणांची पायरी मुळातच बसवली. 2013 मध्ये कुणीतरी गटारात अ‍ॅसिटोन ओतलं. तेही लहान रेणूंच्या कुळातलं, पडदा ओलांडून गेलं. पाण्यातला सेंद्रिय कार्बन अखंड मोजणाऱ्या यंत्रावर आकडा उसळला आणि ते ध्यानात आलं.

माझ्या मते त्या गावाची कमाई इथे आहे. पडदे विकत मिळतात. ज्याला पैसे आहेत त्याला उद्या मिळतील. पण कोणत्या कारखान्यानं गटारात काय सोडलं, याचा माग तिथे रोज काढतात. वरच्या भागातून येणाऱ्या एका औद्योगिक वाहिनीत जुन्या विषारी कचराभूमीचं प्रक्रिया केलेलं पाणी असतं. ती वाहिनी त्यांनी शुद्धीकरणाच्या पाण्यापासून अलगच ठेवली आहे. इतकी यंत्रं असूनही तिच्या वाटेला गेले नाहीत. वर बाहेरच्या तज्ज्ञांचं मंडळ कामकाज तपासतं, ते वेगळंच.

लोकांना पटवायचं कामही त्यांनी पाणी तयार झाल्यावर नाही, दहा वर्षं आधी सुरू केलं. शेजारच्या सॅन डिएगोत 1990 च्या दशकात असाच बेत होता. 'संडासातून नळात' या एका घोषणेनं तो बुडाला. ऑरेंज काउंटीनं त्यातून धडा घेतला. डॉक्टर, शाळा, व्यापारी मंडळं, व्हिएतनामी आणि हिस्पॅनिक वस्त्या, जिथे चार डोकी जमतील तिथे जाऊन बोलले. प्रकल्प पाहायला येणाऱ्यांच्या हातात शेवटी त्याच पाण्याचा पेला देतात. सिंगापूरनं 2002 च्या राष्ट्रीय दिनी पंतप्रधान गोह चोक टोंग यांच्यासह जमलेल्या गर्दीच्या हातात 'न्यूवॉटर'च्या, म्हणजे शुद्ध केलेल्या सांडपाण्याच्या, बाटल्या दिल्या होत्या. खरं तर तिथलं ते पाणी मुख्यतः चिप बनवणाऱ्या कारखान्यांना जातं, कारण त्यांना नळापेक्षाही स्वच्छ पाणी लागतं. थोडंसंच जलाशयांत मिसळतात. उलट ऑस्ट्रेलियातल्या टूवूम्बा गावात 2006 मध्ये, दुष्काळ ऐन भरात असताना, सार्वमत घेतलं तर जवळपास 62 टक्के लोकांनी नको म्हटलं. विज्ञान दोन्हीकडे एकच होतं.

ऑरेंज काउंटीनं आणखी एक चलाखी केली. तयार पाणी थेट नळात सोडलं नाही. काही खारं पाणी अडवणाऱ्या विहिरींत जातं, बाकीचं अनाहाइमच्या तळ्यांपर्यंत वाहून नेऊन जमिनीत मुरवतात. मग ते तिथल्या भूजलात मिसळतं आणि कालांतरानं गावोगावच्या विहिरींतून वर येतं. आत जाताना ते विहिरीच्या पाण्यापेक्षा शुद्ध असतं, म्हणजे मातीत जाऊन ते काकणभर मळतंच. पण वर येतं तेव्हा ते सांडपाणी राहिलेलं नसतं, भूजल झालेलं असतं. वाहत्या पाण्याला विटाळ नाही, असं आपल्याकडेही मानतातच. नामिबियातलं विंडहोक मात्र 1968 पासून हा फेरा न घालता शुद्ध केलेलं पाणी सरळ शहराच्या पुरवठ्यात मिसळतं. कॅलिफोर्नियाला तशी परवानगी देणारे नियम मंजूर करायला डिसेंबर 2023 उजाडला.

आता आपल्याकडे. कारखान्यांसाठी सांडपाणी वापरायला आपण मागे नाही. चेंबूरच्या आरसीएफ या खतकारखान्यात कित्येक वर्षांपासून मुंबईचं मैलापाणी शुद्ध करून वापरतात. नागपूरचं प्रक्रिया केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राकडे जातं आणि तेवढं धरणाचं पाणी शहरासाठी वाचतं. ही कामं चोख आहेत आणि आणखी व्हायला हवीत.

पण 'आपण असलं पाणी पिणार नाही' हे जे आपण छाती पुढे काढून म्हणतो, ते जरा नकाशा समोर ठेवून म्हणावं. पुण्याची मुळा-मुठा, पिंपरी-चिंचवडची पवना, आळंदीची इंद्रायणी, सगळ्या शेवटी भीमेला मिळतात. भीमा उजनीत साठते. उजनीतून सोलापूरला पाइपलाइन जाते, आणि धरणाखाली नदीकाठी पंढरपूर आहे. पुण्याच्या न्हाणीघरातून गेलेलं पाणी, काही प्रक्रिया होऊन आणि काही तसंच, जलपर्णीखालून वाहत जाऊन दुसऱ्या जिल्ह्यात नळाला येतं. मधे तुरटी आणि क्लोरीन. ना पोकळ धागे, ना आरओ, ना कार्बन मोजणारं यंत्र. सांडपाण्याचा पुनर्वापर तिथे वर्षानुवर्षं चालू आहे. फक्त सोलापूरकरांना कुणी सार्वमत विचारलेलं नाही आणि पेलाही पुढे केलेला नाही.

म्हणून आपल्या एखाद्या महापालिकेनं उद्या असा प्रगत प्रकल्प पिण्यासाठी काढला, तर मी त्याच्या बाजूनं लिहीन, पण एका अटीवर. आधी वर्षभर तिच्या आजच्या शुद्धीकरण केंद्रांचे आकडे रोजच्या रोज चौकात लावावेत. किती पाणी आलं, किती शुद्ध झालं, किती तसंच नदीत गेलं, वीज किती तास नव्हती. हे लावायला पडदे लागत नाहीत, एक फळा पुरतो. तो फळा लागेपर्यंत निविदा काढू नये. माझ्या ओळखीच्या एका अभियंत्याला ही अट हास्यास्पद वाटते. त्याच्या मते आधी यंत्रं येऊ द्यावीत, शिस्त मागून येते. आमच्या तळघरात यंत्रं आठ वर्षांपूर्वी आली, एवढंच मी त्याला म्हटलं.

सभेनंतर ब्लोअरखाली रबराचे पाय बसवले आणि तो रात्रभर चालू लागला. दोन आठवड्यांनी रविवारी मी खाली गेलो. एसटीपी सांभाळणारा पोरगा बीडकडचा आहे. गावाकडे उन्हाळ्यात टँकर येतो, इकडे तो दिवसभर पाण्याच्या टाकीवर उभा असतो. त्यानं एरेशन टँकमधून बादलीभर तपकिरी पाणी काढलं, लिटरच्या काचेच्या नळकांड्यात ओतलं आणि ते कठड्यावर ठेवलं. अर्धा तास हलवायचं नाही. मग गाळ किती खाली बसला ते नळकांड्यावरच्या रेघांवर वाचायचं. हजारात अडीचशे-तीनशेवर बसला आणि वरचं पाणी नितळ दिसलं, तर जिवाणू तब्येतीत आहेत असं समजायचं.

तोवर मी रजिस्टर चाळलं. मागचे चार महिने रोज तीनशे. एकाच निळ्या पेनानं, एकाच उतरत्या अक्षरात, दिवाळीतसुद्धा तीनशे.

"हे काय रे?"

"तो आधीचा होता सर. मी या महिन्यात आलो." मग जरा थांबून, "पण मला पण तसंच लिहायला सांगितलं होतं."

या महिन्याच्या पानावर आकडे वेडेवाकडे होते. सहाशे वीस, पाचशे नव्वद, मधेच चारशे ऐंशी. एके ठिकाणी खाडाखोड करून 'लाइट गेली' असं लिहिलं होतं.

पायऱ्यांवर चपला वाजल्या. ब विंगच्या काकू. पदर नाकाला लावून त्या कठड्यापाशी आल्या आणि नळकांड्याकडे वाकून पाहू लागल्या. वरचा बोटभर भाग निवळायला लागला होता. खाली गाळाचे ढग हळूहळू उतरत होते.

"किती बसला?"

"अजून दहा मिनिटं आहेत, काकू."

त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि तिथेच उभ्या राहिल्या.