विसरण्याची भीती मोजून घ्या

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस असलेल्या बाईला एखादं नाव पटकन आठवलं नाही की घरचे म्हणतात, "अगं, सगळ्यांचंच होतं तसं." माझ्या जाऊबाई तर डोक्यावरचा चष्मा घरभर शोधल्याचा किस्सा सांगतात. माया असते त्यात, पण धीर येत नाही. मेंदूतले डाग आपण एमआरआयच्या फिल्मवर पाहिलेले असतात.

मी नागपुरात एका पतसंस्थेत हिशेब बघते. पायांना मुंग्या, एका डोळ्याने अंधुक दिसणं, हे सोसलं. हबकले ती ओटीपीने. सहा आकडे वाचायचे, स्क्रीन बदलायची, की शेवटचे तीन गायब. समोर सभासद पासबुक धरून उभा, शेजारी फोन वाजतोय आणि बेरीज कुठवर आली होती तेच सुटलेलं. रात्री झोप लागायची नाही. शेवटी शेवटी आजीला घरातली माणसंही ओळखू येत नव्हती, तेच डोळ्यांपुढे यायचं.

ही भीती बिनबुडाची नाही. पॅरिसचे डॉक्टर शार्को यांनी १८६८ साली या आजाराचं वर्णन केलं, तेव्हाच स्मरणशक्ती दुबळी होत असल्याचं नोंदवलं होतं. आजच्या अभ्यासांत साधारण ४० ते ६५ टक्के रुग्णांत काही ना काही फरक आढळतो. पण मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण झिजल्यामुळे संदेश सावकाश पोचतात, आणि मंदावतो तो मुख्यतः वेग. अल्झायमरमध्ये माणसं, घर, भाषा हरवत जातात, तसं इथे सहसा होत नाही.

आणखी एक गोष्ट रुग्णांपर्यंत पोचतच नाही. डोकं चालत नाही ही तक्रार चाचणीतल्या गुणांपेक्षा उदासी, चिंता आणि थकवा यांच्याशी जास्त जुळते, असं संशोधनात वारंवार दिसलं आहे. उलटही घडतं. तक्रार काहीच नसते आणि चाचणीत घसरण दिसते. म्हणून आपल्याला काय वाटतं यावरून निकाल लावू नये. मोजून घ्यावं.

मोजायला फार काही लागत नाही. कागदावर वरच्या ओळीत नऊ चिन्हं, प्रत्येकाखाली १ ते ९ पैकी एक आकडा. खाली नुसती चिन्हं, रांगेने. ९० सेकंदांत जमतील तितक्यांचे आकडे सांगायचे. माझा वेग वयाच्या मानाने थोडा कमी निघाला. शब्दांची यादी मात्र व्यवस्थित लक्षात राहिली. त्याच वेळी भरलेल्या उदासीच्या प्रश्नावलीतून झोपेचा विषय निघाला आणि खरी गोष्ट कळली. रात्री लघवीसाठी सारखं उठल्याने झोप मोडत होती, आणि त्यावरच्या गोळीनेही डोकं जड होऊ शकतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांनी गोळी बदलली, बी-१२ आणि थायरॉइड तपासलं, समुपदेशन सुरू केलं. वेग कमीच आहे, पण झोप लागते. कामावर मी फोन नसलेलं टेबल मागून घेतलं. अवघड ताळेबंद सकाळी उरकते, कारण आमच्याकडच्या मे महिन्यात दुपारच्या उष्णतेने एमएसची लक्षणं अनेकदा बळावतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे. अशी सवलत मागताना ओशाळायचं कारण नाही.

निदानाच्या वेळी एकदा आणि पुढे दरवर्षी ही तपासणी व्हावी, असं तज्ज्ञांच्या २०१८ च्या शिफारशींत स्पष्ट म्हटलं आहे. तरी ओपीडीत चालणं पाहतात, हातातली ताकद पाहतात, विसरण्याबद्दल विचारलं तर "टेन्शन घेऊ नका" एवढंच ऐकायला मिळतं. दीड मिनिटाची चाचणी गर्दीच्या ओपीडीतही बसते. डॉक्टरच हवेत असंही नाही, प्रशिक्षित परिचारिका ती घेऊ शकते. न्यूरोलॉजी विभागांनी ती सुरू करावी. आणि तुम्हाला एमएस असेल, विसरण्याची धास्ती वाटत असेल, तर पुढच्या खेपेला चिन्हं-आकड्यांच्या या चाचणीबद्दल विचारा. झोपेबद्दल आणि मनाबद्दलही त्याच वेळी सांगा.