चरबीच्या गाठीची खातरजमा

पाठीवर, दंडावर किंवा मानेमागे आवाळू आले आहे, दुखत नाही, खुपत नाही, पण हात सारखा तिकडेच जातो, अशी कैफियत घेऊन येणारा रोगी चिपळुणातील प्रत्येक व्यवसायबंधूच्या परिचयाचा आहे. आणि तो तोंडाने काहीही विचारीत असला तरी त्याच्या मनातील प्रश्न कर्करोगाचाच असतो. त्यावर 'काही नाही, चरबीची गाठ आहे' हे आपले उत्तर बहुधा खरेच ठरते, कारण मृदू ऊतींच्या निरुपद्रवी अर्बुदांत लायपोमा हेच सर्वांत अधिक आढळते. आमची तक्रार एवढीच, की हे उत्तर पुष्कळदा सदरा न उतरविताच दिले जाते.

मऊ, खंडयुक्त, वरच्या त्वचेशी न जखडलेली आणि कडेवर बोट दाबताच निसटून जाणारी गाठ सहसा फसवीत नाही. सुश्रुताने निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात मेदोज ग्रंथी स्निग्ध, मोठी व अल्पवेदना असल्याचे सांगून ती फुटल्यास पेंडीसारखा, तुपासारखा मेद बाहेर येतो असे म्हटले आहे. हे शेवटचे लक्षण लायपोमाचे नसून, त्वचेला चिकटलेल्या व माथ्यावर बारीक काळा ठिपका असलेल्या सिस्टचे आहे, आणि आमच्यापैकी अनेकांच्या केसपेपरांवर या दोन व्याधी अजूनही एकाच नावाने नांदत आहेत! देहाबरोबर ही ग्रंथी वाढते व देहाबरोबर झिजते, हे त्याचे दुसरे विधानही प्रत्यक्षाशी जुळत नाही: वजन उतरले तरी लायपोमा राहतोच, किंबहुना भोवतालची चरबी गेल्यामुळे अधिक उठून दिसतो, तेव्हा गाठीसाठी म्हणून उपासतापास सांगणे व्यर्थ होय. मात्र अर्बुदाचा अवशेष मागे ठेवल्यास ते पुन्हा उद्भवते, म्हणून ते निःशेष काढावे, हा चिकित्सास्थानातील त्याचा हुकूम आजही तंतोतंत लागू आहे. गाठ आवरणासह काढावी, तुकड्यातुकड्यांनी ओरबाडू नये.

मुळात काढावयाची कशासाठी, हेही विचारले पाहिजे. वेदना, कपड्याचे घर्षण, वाढता आकार, रूपाची चिंता किंवा निदानाविषयी संशय, यांपैकी काहीच नसेल तर सुरीची गरज नाही. लायपोमाचा पुढे कर्करोग होतो ही भीती जवळजवळ निराधार आहे. लायपोसार्कोमा हा बहुतांशी आरंभापासूनच लायपोसार्कोमा असतो, आणि म्हणून खरा प्रश्न ही गाठ प्रथमपासून लायपोमाच होती काय, हा आहे. ५ सेंटीमीटरहून मोठी, स्नायूच्या आवरणाखाली गेलेली, वेगाने वाढणारी, दुखणारी किंवा काढल्यावर पुन्हा उगवलेली गाठ, विशेषतः मांडीतील, दवाखान्यात बधिर करून काढण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. स्नायू ताठ करावयास लावून गाठ पुन्हा चाचपावी. ती दबली वा हलेनाशी झाली, तर खोल आहे असे समजावे. सोनोग्राफी, आवश्यक तेथे एमआरआय, आणि पुढील शस्त्रक्रिया जो करणार त्याच्याच सल्ल्याने घेतलेला नमुना, हा क्रम सोडू नये. डेरवणचे रुग्णालय आपल्या हाकेच्या अंतरावर आहे, आणि परळचे टाटा रुग्णालय तर १९४१ पासून याच कामी उभे आहे.

आणखी दोन जागा फसव्या. कपाळावरील गाठ वरवरची भासते, पण पुष्कळदा स्नायूखाली दडलेली असते. आणि बालकाच्या कमरेखाली, मणक्याच्या मध्यरेषेवरील मेदाची गाठ मज्जारज्जूशी निगडित असू शकते, तिला एमआरआयपूर्वी हात लावणे हा अक्षम्य प्रमाद होय. बिब्बा लावून कातडी भाजून घेतलेले रोगी अद्याप येतात. त्यांच्यावर रागावून उपयोग नाही, पण व्रण पूर्ण भरून येईपर्यंत शस्त्र उचलू नये.

सर्वांत खेदाची बाब काढलेल्या गाठीची. रोग्याचा खर्च वाचावा या सद्हेतूने ती बादलीत जाते, आणि पुढे दोन वर्षांनी त्याच जागी काही उगवले तर पूर्वी काय होते याचा दाखला कोणाच्याच दप्तरी नसतो. तिच्या किमान दसपट फॉर्मॅलिनमध्ये ती पॅथॉलॉजिस्टकडे धाडण्याचा खर्च शस्त्रक्रियेच्या खर्चातच धरावा आणि तो रोग्याला आधी सांगावा. न काढलेल्या गाठीचे मोजमापही टेपने घेऊन तारखेसह केसपेपरवर लिहावे व त्याची एक प्रत रोग्याच्या हाती द्यावी, कारण आपला चाकरमानी रोगी शिमग्याला चिपळुणात दाखवितो आणि पुढची तपासणी मुंबईत अन्य कोणाकडे करवून घेतो.